गुस्ताफ दालेन व समुद्रावरील लुकलुकते दिवे

आपला जालना जिल्हा समुद्रापासून फार दूर आहे. कुंडलिकेचें पात्र, घाणेवाडीचा तलाव आणि दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी एवढेंच आपलें जलवैभव. त्यामुळें काळोख्या रात्रीं भर समुद्रांत असलेल्या खलाशास किनाऱ्यावरील एका दिव्याचा केवढा आधार वाटत असेल याची कल्पना आपल्यांतील पुष्कळांस नसेल. परंतु ज्यांना मुंबईस जाण्याचा योग आला व ज्यांनीं कुलाब्याच्या दक्षिण टोकाकडे रात्रीं नजर टाकली, त्यांना इ. स. १८७५ सालीं बांधलेल्या प्राँग्स दीपगृहाचा दिवा चमकून मावळतांना व पुन्हां चमकतांना दिसला असेल. त्याच्या दक्षिणेस खांदेरी बेटावर इ. स. १८६७ सालापासून दुसरें दीपगृह उभें आहे. हे दिवे घरांतील दिव्याप्रमाणें एकसारखे कां जळत नाहींत, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्याच्या मनांत सहज उभा राहील.

त्याचें उत्तर सोपें आहे. किनाऱ्यावर दहा दिवे असले आणि दहाही स्थिरपणें जळत असले, तर त्यांतील कोणता कोठला हें खलाशानें ओळखावें कसें? कोळ्याच्या झोंपडींतील दिवा, बंदरांतील कंदील, दुसऱ्या जहाजावरील बत्ती आणि दीपगृह हीं सारीं लांबून सारखींच दिसतात. एका दीपगृहास दुसरें समजून जहाज हाकारलें, तर ज्याच्यावर भिस्त ठेवली तो दिवाच जहाजास खडकावर नेऊन घालतो. म्हणून प्रत्येक दिव्यास त्याची स्वतःची अशी एक चाल दिलेली असते. कोणी दर दहा सेकंदांनीं एकदां चमकतो; कोणी लागोपाठ दोनदां चमकून मग काळोख धरतो; कोणी बराच वेळ जळून क्षणभरच मिटतो. एका चालीच्या आरंभापासून तीच चाल पुन्हां सुरू होईपर्यंत जो वेळ जातो त्यास आवर्तनकाल म्हणावें. खलाशी घड्याळ हातांत घेऊन हा काल मोजतो, जवळच्या छापील दीपसूचींत ताडून पाहतो, आणि आपण कोठें आहों हें निश्चित जाणतो. अशा दिव्यांत प्रकाशाइतकेंच काम अंधारही करीत असतो, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दिव्यास चाल देण्याची ही विद्या एका दिवसांत सिद्ध झाली नाहीं. स्वीडन देशांतील मार्स्ट्रांड येथें इ. स. १७८१ सालीं योनास नूरबेर्ग यांनीं फिरता दिवा बसविला. पुढें फ्रान्समध्यें ओग्युस्तें फ्रेनेल यांनीं कांचेच्या कंकणाकृति भिंगांची रचना करून दिव्याचा विखुरणारा प्रकाश एका झोतांत आणला. हीं प्रचंड भिंगें दिव्याभोंवतीं फिरविलीं म्हणजे दूरच्या माणसास झोत येतांना चमक व जातांना अंधार दिसतो. इ. स. १८७४ सालीं इंग्लंडांतील जॉन हॉपकिन्सन यांनीं दोन किंवा तीन चमकांचे गट पाडण्याची युक्ति काढली. परंतु हीं सर्व यंत्रें घड्याळासारखीं वजनावर चालत. तीं वजनें रात्रींतून पुनःपुन्हां वर ओढावीं लागत. तेल घालावें लागे, वात कातरावी लागे, कांच पुसावी लागे. म्हणून दीपगृह म्हटलें कीं रखवालदार आलाच. जेथें माणूस राहूं शकतो तेथें हें ठीक होतें. पण लाटांनीं धुतला जाणारा एकाकी खडक किंवा पाण्यावर तरंगणारा लोखंडी बोया यांवर माणसानें राहावें कसें? आणि जहाजें बहुधा फुटतात तीं अशाच ठिकाणीं. या अडचणीवर ज्यांनीं उपाय शोधून काढला, त्या गुस्ताफ दालेन यांचें हें चरित्र आहे.

निल्स गुस्ताफ दालेन यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८६९ रोजीं स्वीडनमधील स्टेनस्टोर्प या गांवीं एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. स्वीडनचा किनारा हजारों लहानमोठ्या बेटांनीं व खडकांनीं भरलेला आहे. परंतु हें गांव किनाऱ्यावरचें नव्हे, अंतर्भागांतील शेतीचें आहे. गुस्ताफला लहानपणापासून पुस्तकांपेक्षां हत्यारांचा नाद अधिक. सकाळीं लौकर उठण्याचा त्यास कंटाळा असे. म्हणून त्यानें भिंतीवरील जुन्या घड्याळास अशी जोड दिली कीं ठरल्या वेळीं आगकाडी ओढली जावी, दिवा लागावा आणि कॉफीचें भांडें तापूं लागावें, अशी एक गोष्ट त्याच्याविषयीं सांगतात. ठरल्या क्षणीं आपोआप लागणारा दिवा त्या मुलानें खेळ म्हणून केला होता. पुढें तेंच त्याच्या आयुष्याचें कार्य झालें.

तरीही तरुणपणीं शेती हाच त्यांचा व्यवसाय राहिला. वडिलार्जित शेतावर त्यांनीं फळभाज्यांची बाग केली, बियाण्यांचा व्यापार केला आणि दुग्धालय चालविलें. बियाण्यांच्या व्यापारासाठीं नांवाजलेल्या आपल्या जालन्यांतील वाचकांस हें वाचून त्यांच्याविषयीं थोडी आपुलकी वाटेल. दुग्धालयांत येणाऱ्या दुधांतील स्निग्धांश मोजण्यासाठीं त्यांनीं एक यंत्र तयार केलें व इ. स. १८९२ सालीं तें घेऊन ते राजधानी स्टॉकहोम येथें गुस्ताफ दे लावाल यांजकडे गेले. दुधांतून साय वेगळी करणाऱ्या यंत्रामुळें दे लावाल यांचें नांव तेव्हां सर्वत्र गाजलेलें होतें. त्याच प्रकारचें यंत्र दे लावाल यांनीं आधींच सिद्ध केलें होतें. दालेन यांची निराशा झाली असेल. परंतु त्या थोर संशोधकानें या शेतकरी तरुणाची बुद्धि ओळखली व त्यास यंत्रविद्येचें पद्धतशीर शिक्षण घेण्याचा सल्ला दिला.

दालेन यांनीं तो मानला. वयाच्या तेविशींत पुन्हां विद्यार्थी होणें सोपें नव्हे. गोटेबोर्ग येथील चाल्मर्स शिक्षणसंस्थेंतून ते इ. स. १८९६ सालीं इंजिनियर झाले, आणि त्यानंतर स्वित्झर्लंडमधील झुरिक येथें प्रोफेसर स्तोदोला यांच्या हाताखालीं त्यांनीं एक वर्ष अध्ययन केलें. स्वदेशीं परतल्यावर कांहीं वर्षें उष्ण हवेचीं चक्रें व हवा दाबण्याचे पंप यांवर प्रयोग करण्यांत गेलीं. इ. स. १९०१ सालीं एल्मा पेर्सोन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. याच वर्षीं ते अॅसिटिलीन वायूचा धंदा करणाऱ्या एका कंपनींत तांत्रिक प्रमुख झाले. हीच कंपनी पुढें आद्याक्षरांवरून ‘आगा’ या नांवानें जगभर ओळखली जाऊं लागली.

अॅसिटिलीन म्हणजे काय हें आपल्या आजोबांस विचारावें. कार्बाइडच्या खड्यांवर पाणी पडलें म्हणजे जो उग्र वासाचा वायु निघतो तोच हा. जुन्या काळीं वरातींत व जत्रेंत कार्बाइडचे दिवे लखलखत, त्यांत हाच वायु जळे. त्याचा उजेड पांढरा शुभ्र, म्हणून समुद्रावरील दिव्यांस तो फार सोयीचा. परंतु वायु मोठा दगाबाज. तो नळकांड्यांत दाबून भरूं गेल्यास थोड्याशा धक्क्यानेंही स्फोट होतो. अॅसिटोन नांवाच्या द्रवांत हा वायु मोठ्या प्रमाणांत विरघळतो, व तें द्रव सच्छिद्र पदार्थांत मुरवून ठेविलें म्हणजे धोका कमी होतो, हा शोध फ्रान्समध्यें लागला होता. पण फ्रेंचांचा सच्छिद्र पदार्थ वाहतुकींतील हादऱ्यांनीं फुटे; त्यांत पोकळ्या पडत व त्या पोकळ्यांत पुन्हां स्फोटाचें भय राही. दालेन यांनीं इ. स. १९०६ च्या सुमारास अॅस्बेस्टॉस, सिमेंट, कोळसा व एक प्रकारची हलकी माती यांचें असें मिश्रण तयार केलें कीं तें हादऱ्यांनीं भेगाळत नसे. या मिश्रणानें भरलेल्या नळकांड्यांत दहा वातावरणांच्या दाबाखालीं त्याच्या आकारमानाच्या सुमारें शंभरपट वायु निर्धास्तपणें साठवितां येऊं लागला. आजही वेल्डिंगच्या दुकानांत अॅसिटिलीनचें जें नळकांडें दिसतें, त्याच्या पोटांत असाच सच्छिद्र पदार्थ व अॅसिटोन असतें.

वायु साठला, आतां तो पुरवून कसा वापरावा हा प्रश्न होता. बोया दूर समुद्रांत, त्यावरील नळकांडीं बदलण्यास जाणें खर्चाचें व कष्टाचें. दिवा अखंड जळत राहिला तर वायु थोड्याच दिवसांत संपे. येथें दालेन यांची बुद्धि खरी चमकली. दिव्यास ओळख देण्यासाठीं मधूनमधून अंधार हवाच आहे. तर मग त्या अंधाराच्या वेळीं वायु तरी कां जाळावा? फिरत्या भिंगाच्या दिव्यांत ज्योत सर्वकाळ जळते व बराचसा प्रकाश जेथें कोणी पाहत नाहीं तेथें जातो. दालेन यांनीं ज्योतच तोडून तोडून देण्याचें ठरविलें.

इ. स. १९०५ च्या सुमारास पूर्ण झालेलें हें यंत्र हाताच्या मापाचें होतें. त्याची रचना अशी. नळकांड्यांतून येणारा वायु एका बारीक वाटेनें लहानशा कोठडींत शिरतो. कोठडीची एक बाजू चामड्याच्या लवचीक पडद्याची असते. वायु भरूं लागला कीं पडदा हळूहळू फुगतो. दाब ठरावीक मर्यादेस पोंचतांच पडद्यास जोडलेली झडप झटकन उघडते व सांठलेला वायु दिव्याच्या मुखाकडे धांवतो. तेथें एक अत्यंत बारीक ज्योत सदैव तेवत ठेविलेली असते. तिच्या स्पर्शानें वायु भडकून तेजस्वी चमक होते. वायु निघून गेला कीं दाब उतरतो, पडदा मागें येतो, झडप मिटते, आणि अंधार होतो. पुन्हां कोठडी भरूं लागते. येथें घड्याळ नाहीं, वजन नाहीं, वीज नाहीं. जळणारा वायुच स्वतःची वेळ मोजतो.

दिव्याची चाल बदलणेंही कठीण नव्हतें. वायु आंत येण्याची वाट स्क्रूनें अरुंद केली कीं कोठडी भरण्यास वेळ लागतो व अंधार लांबतो. झडप ज्या दाबास मिटते तो कमीजास्त केला कीं चमक लांबते किंवा आंखूड होते. यांत बचत किती होते तें गणितानेंच पाहूं. दर तीन सेकंदांत तीन-दशांश सेकंद चमक असा दिवा लावला, तर तो एकदशांश वेळच जळतो. म्हणजे तेवत्या ज्योतीस लागणारा अल्पसा वायु सोडल्यास तोच सांठा दहापट दिवस पुरतो. एक लिटर वायूपासून हजारों चमका मिळूं लागल्या. मात्र या काटकसरीसही मर्यादा आहे. चमक फारच क्षणिक केली तर डोळ्यास ती मंद भासते. फ्रान्समधील ब्लोंदेल व रे या दोघांनीं इ. स. १९११ सालीं या गोष्टीचा नियम प्रयोगानें ठरविला. म्हणून चमकेची लांबी ठरवितांना वायूची बचत एका बाजूस व खलाशाचे डोळे दुसऱ्या बाजूस ठेवून तोल साधावा लागतो.

दिवसां दिवा जळण्याचें कांहींच कारण नाहीं. ही उधळपट्टी थांबविण्यासाठीं दालेन यांनीं इ. स. १९०७ सालीं ‘सूर्यझडप’ काढली. तिच्यांत धातूच्या चार कांड्या असतात. मधली काळी केलेली, भोंवतालच्या तीन चकचकीत घासलेल्या. काळा रंग प्रकाश शोषून घेतो व चकचकीत पृष्ठभाग तो परतवून लावतो, हें आपण उन्हांत काळें व पांढरें कापड ठेवून पाहूं शकतों. उजाडतांच मधली कांडी तापून इतरांहून किंचित् अधिक वाढते आणि तेवढ्याशा वाढीनें वायूची वाट बंद करते. सायंकाळीं ती आकसते व वाट मोकळी होते. हवेच्या उष्णतेनें चारही कांड्या सारख्याच वाढतात, म्हणून उन्हाळा व हिवाळा यांचा तिच्यावर परिणाम होत नाहीं. केवळ प्रकाशाचाच होतो. दाट धुकें पडून भर दुपारीं काळोखल्यासारखें झालें, तर दिवा आपोआप लागे. जर्मनीच्या पेटंट कचेरीस अशी झडप चालेल हेंच प्रथम खरें वाटेना. प्रत्यक्ष दाखविल्यावर त्यांची खात्री पटली.

या साधनांच्या योगानें समुद्रावरील दिवे वर्ष वर्षभर माणसावांचून चालूं लागले. जेथें पूर्वीं कधीं दिवा लागला नव्हता अशा खडकांवर व बोयांवर दिवे लागले. रेल्वेच्या सिग्नलांसही लुकलुकता दिवा मिळाला. इ. स. १९०९ सालीं कंपनीची नवी रचना होऊन दालेन तिचे मुख्य चालक झाले, आणि इ. स. १९१४ सालीं खुल्या झालेल्या पनामा कालव्यावरील दिव्यांचें मोठें काम तिच्याकडे आलें.

यशाच्या अशा ऐन भरांत त्यांच्यावर घाला पडला. आगींत सांपडलेलें वायूचें नळकांडें कसें वागतें, त्यांतील दाब धोका न होतां सुटतो कीं नाहीं, हें पारखण्याचे प्रयोग चालले होते. कारखान्याचे मुख्य असूनही दालेन अशा प्रयोगांस स्वतः हजर राहत. २७ सप्टेंबर १९१२ रोजीं एक नळकांडें फुटलें आणि ते गंभीर जखमी झाले. जीव वांचला, परंतु दोन्ही डोळे गेले. त्यांचे बंधु आल्बिन हे निष्णात नेत्रवैद्य होते. त्यांच्या विद्येचाही येथें उपयोग झाला नाहीं. दालेन यांस तेव्हां त्रेचाळिसावें वर्ष चालू होतें.

त्याच वर्षाचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक दालेन यांस जाहीर झालें. हेंच पारितोषिक पुढें इ. स. १९३० सालीं आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांस मिळालें. दीपगृहें व बोये यांवरील वायूच्या दिव्यांसाठीं स्वयंचलित नियंत्रक शोधल्याबद्दल हा मान होता. १० डिसेंबर रोजीं समारंभ झाला तेव्हां त्यांस तेथें जातां आलें नाहीं. त्यांच्या वतीनें आल्बिन यांनीं तो स्वीकारला. हजारों खलाशांस अंधारांत वाट दाखविणाऱ्या पुरुषास आपल्या सन्मानाचा दिवस पाहतां येऊं नये, याचें दुःख त्या सभेंत कोणास झालें नसेल?

परंतु दालेन यांची कथा येथें संपत नाहीं. डोळे गेल्यावर ते पंचवीस वर्षें जगले आणि हीं पंचवीस वर्षें त्यांनीं कामांत घालविलीं. कंपनीचें सूत्र त्यांनीं सोडलें नाहीं. नकाशा पाहतां येत नसे, तर ते तो वर्णनानें समजून घेत. यंत्र पाहतां येत नसे, तर हातांनीं चांचपत. घरीं राहावें लागल्यामुळें स्वयंपाकघरांतील कष्ट त्यांच्या ध्यानांत आले. घरांतील बाईचा सारा दिवस चुलीस लांकूडकोळसा घालण्यांत व तिच्यावर नजर ठेवण्यांत जातो, हें जाणून त्यांनीं इ. स. १९२२ सालीं एक नवी शेगडी सिद्ध केली. तिच्यांतील जाड लोखंडांत उष्णता सांठून राही. थोड्या कोळशावर ती अहोरात्र तापलेली असे व तिच्याकडे सारखें लक्ष द्यावें लागत नसे. ही ‘आगा’ शेगडी युरोपांत, विशेषतः इंग्लंडांत, घरोघर प्रिय झाली. थेंबाथेंबानें वायु वांचविणाऱ्या त्याच बुद्धीनें हें काम केलें होतें.

लिडिंगो या आपल्या गांवच्या नगरसभेंतही त्यांनीं पुष्कळ वर्षें काम केलें. स्वीडनच्या राजकीय विज्ञान अकादमीनें इ. स. १९१३ सालीं त्यांस सभासद करून घेतलें. ९ डिसेंबर १९३७ रोजीं लिडिंगो येथील राहत्या घरीं त्यांचें देहावसान झालें. मागें पत्नी, दोन मुलगे व दोन मुली असा परिवार होता.

त्यांच्या हातचीं यंत्रें त्यांच्यामागें दीर्घकाळ टिकलीं. स्टॉकहोमच्या वाटेवरील ब्लॉकहुसुद्देन दीपगृहांत इ. स. १९१२ सालीं बसविलेलें सूर्यझडपेचें साधन इ. स. १९८० सालीं तेथें वीज येईपर्यंत काम देत होतें. आज बहुतेक ठिकाणीं वायूची जागा सूर्याच्या उन्हावर भरणाऱ्या बॅटरीनें व एल्‌ईडी दिव्यानें घेतली आहे. चामड्याच्या पडद्याचें काम बोटाएवढी इलेक्ट्रॉनिक चकती करते. तिच्यांत शेंकडों चाली भरलेल्या असतात, व बसविणारा त्यांतून हवी ती निवडतो. परंतु ठरवावयाच्या गोष्टी त्याच आहेत : चमक किती वेळ, अंधार किती वेळ, गटांत चमका किती, आणि सूर्य मावळला कीं दिवा लागावा कसा.

चालींची ही भाषा आतां जगभर एका नियमानें बांधली गेली आहे. धोक्याच्या जागेच्या कोणत्या बाजूनें जावें हें सांगणाऱ्या बोयांची चाल तर घड्याळाच्या तबकडीवरून ठरविली आहे. पूर्वेकडील बोया तीन वेळां चमकतो, दक्षिणेकडील सहा वेळां व पश्चिमेकडील नऊ वेळां. उत्तरेकडील, जेथें बाराचा आंकडा असतो, तो न थांबतां चमकत राहतो. दक्षिणेकडील सहा चमकांनंतर एक लांब चमक जोडलेली असते. कारण वादळांत मोजणी चुकली तरी सहाचे तीन किंवा नऊ होऊं नयेत. एवढी काळजी एका चमकेसाठीं घेतली जाते, याचें कारण त्या चमकेवर माणसांचे प्राण अवलंबून असतात. आपल्या देशांतही इ. स. १९२७ सालीं दीपगृहांचा कायदा झाला. त्याच्या जागीं इ. स. २०२१ सालीं नवा कायदा आला.

दालेन यांच्या चरित्रापासून विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें? एक तर हें कीं शिक्षणास उशीर झाला म्हणून तें टाकूं नये. शेत सोडून तेविसाव्या वर्षीं वर्गांत बसलेला हा तरुण जगास उपयोगी पडला. दुसरें हें कीं दुसऱ्याच्या हातीं जी वस्तु द्यावयाची तिची कसोटी आधीं स्वतः घ्यावी, मग तींत कितीही धोका असो. पालकांनींही हें ध्यानांत ठेवावें कीं जुनें घड्याळ खोलून बसलेला मुलगा नेहमींच वेळ वायां घालवीत असतो असें नाहीं. आणि तिसरी गोष्ट सर्वांसाठींच आहे. ज्यांच्या दिव्यांनीं परक्यांस वाट दाखविली त्यांच्या स्वतःच्या वाट्यास अंधार आला. तरी हातांत घेतलेलें काम त्यांनीं अखेरपर्यंत खालीं ठेविलें नाहीं. अशा पुरुषाचें नांव समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या मुलांनींही आदरानें स्मरावें.